मामांच्या राईतले नीरफणस

नासोकी बेट, ९ फेब्रुवारी १९७७

आदरणीय बंधू अपाकुकी यांस,

सेमेसाचा नमस्कार. मोठ्या काकांच्या अंत्यविधीसाठी तुम्ही पाठवलेल्या चटया आणि रीतीचा देवमाशाचा दात पोचला. गावानं मानानं घेतला. त्यानंतर आठवडाभरात वादळ आलं, ते तुम्ही सुव्यात ऐकलं असेलच. जीवितहानी नाही. चर्चचं छप्पर निम्मं गेलं, घरं बरीच गेली. समुद्र अळूच्या मळ्यात येऊन परत गेला. सरकारी बिनतारी यंत्र पडलं, म्हणून हे पत्र खोबऱ्याच्या होडीबरोबर देतो आहे.

काळजीचं कारण नाही. जमल्यास एक डबा खिळे आणि कंदिलाच्या दोन काचा पाठवाव्यात. लोसालिनी व मुलं ठीक. धाकटी तितिलिया आता दूध सोडते आहे.

आपला,
सेमेसा


सुवा, १७ फेब्रुवारी

अरे वाळूतल्या खेकड्या,

‘आदरणीय’? ‘पाठवाव्यात’? चाळीस वर्षं झाली, माझ्या सख्ख्या मामाचा मुलगा तू, मला कधी शिवी घातल्याशिवाय तुझं जेवण पचलं नाही. भेटलास की पहिलं वाक्य ‘आला का बाजारबुणगा’. आणि आज अख्ख्या पत्रात एक टोमणा नाही! मग मी समजलो. पोट रिकामं असलं की माणूस सभ्य होतो.

माझे कान तुला माहीत आहेत. बाजारात माझा गाळा उभा आहे तो या कानांवर; शाळा कुठे शिकलो मी? त्या होडीचा खलाशी काल माझ्या गाळ्याशी चहा पीत दुसऱ्याला सांगत होता, ‘नासोकीला गेलो तर या खेपेला कुणी साधं शहाळं घेऊन आलं नाही रे. पोरं किनाऱ्यावर उभी. आम्ही साबुकंदाची सालं पाण्यात टाकली, तर पोरांनी ती वेचली.’ दुसरा म्हणाला, ‘डुकरांसाठी असतील.’ हा म्हणाला, ‘वादळात डुकरं राहिलीत कुठे?’

मी चहाचा पेला खाली ठेवला, सेमेसा.

आता खिळे राहू दे. काय खाताय ते सांग. दोन पोती तांदूळ आणि एक पोतं पीठ या बोटीनं पाठवतोय. मदतीची बोट म्हणे मोठ्या बेटांवरच फिरते आहे, तिची वाट बघत बसू नका.

एक सांगतो, हसू नकोस. धक्क्यावर मी रोज उभा असतो. बेटांवरून माल येतो तो वर्षागणिक जास्त सडलेला येतो. रेडिओवर बोटीची वेळ ऐकली की तुम्ही लोक सगळं अळू उपटून किनाऱ्यावर आणून ठेवता. बोट येत नाही, अळू उन्हात पडून मऊ होतं. मी लहान होतो तेव्हा असं फुकट जात नव्हतं. घराघरामागे खड्डा असायचा. जास्तीचे नीरफणस त्यात पानांखाली पुरले की आंबून वर्षभर टिकायचे. मग दुकानात पीठ आलं आणि खड्डे बुजले. तुझ्या घरामागच्या खड्ड्यात तर तू केळ लावलीस, आणि म्हणालास, ‘त्या आंबलेल्या गोळ्याच्या वासानं बायको पळून जाईल.’

तेव्हा विचारतो, मोठ्या मामांची दरीतली नीरफणसांची राई वाचली का?

तुझा भुकेला नसलेला भाऊ,
अपाकुकी


नासोकी, २६ फेब्रुवारी

बाजारबुणग्या,

घे, घातली शिवी. आता ऐक.

तुझा तांदूळ आला. बोट खडकांच्या बाहेर उभी राहिली. लाटा अशा की कप्तान म्हणाला, ‘घ्यायचं तर आत्ता घ्या, नाहीतर परत नेतो.’ आमची एकच होडी धड उरली आहे. दोन खेपा झाल्या, तिसरीला ती आडवी झाली. पिठाची खळ झाली, तांदूळ खाऱ्या पाण्यानं फुगला. उन्हात वाळवला, तरी वास राहिला. तो आम्ही खाल्ला. संपला.

मळ्यातलं अळू खाऱ्या पाण्यानं कुजलं. कोनफळं जमिनीत लहान आहेत, आत्ता उपटली तर पुढच्या वर्षी बियाणं नाही. रानात रानकंद खणतो, कच्ची पपई उकडतो. लोसालिनी म्हणते, ‘तुमच्या भावाला लिहा, पपईचे नवे प्रकार सुचवा.’

आणि राई? राई वाचली, अपाकुकी, हेच तर दुखणं आहे. टेकडीच्या आडोशामुळे एक फांदी मोडली नाही. झाडं अशी लगडलीत की बघवत नाही. पण मोठे काका सरदार होते. त्यांच्या मागे शंभर रात्रींचा शोक, तोपर्यंत राईवर बंदी, खडकाआतल्या मासळीवर बंदी. म्हाताऱ्या वाइसाकेंनी प्रत्येक बुंध्याला माडाची झावळी बांधली आहे. सरदाराच्या वतीने बोलणारं तोंड त्यांचं. सरदारच नाही, आता त्यांच्या शब्दावर शब्द कुणाचा?

मी गेलो होतो. म्हटलं, ‘आजोबा, वादळाला काय माहीत होतं बंदी आहे? निदान खाली पडलेले तरी घेऊ द्या.’

म्हणाले, ‘सरदाराचं आहे. सरदाराबरोबर जाऊ दे.’

‘पोरं उपाशी आहेत.’

‘माझी नातवंडं काय जेवताहेत? तू गावचा कारभारी आहेस. तूच झावळी तोडलीस तर उद्या माझं कोण ऐकेल? तुझं तरी कोण ऐकेल?’

त्यांच्या घरीही चूल थंड आहे, मी पाहिली. नीरफणस पिकतात, धप्प धप्प पडतात, फुटतात. प्रार्थनेच्या वेळी वारा दरीकडून आला की चर्चभर तो गोड कुजका वास. पोरं तिकडे तोंड करून बसतात. तितिलियाचे हात काटकीसारखे झालेत. दूध आटलं, आणि पपई तिच्या पोटात ठरत नाही.

मी काही मागत नाही, हे समजून घे. तू विचारलंस म्हणून लिहिलं.

सेमेसा


सुवा, ४ मार्च

सेमेसा यांस,

हे पत्र वाइसाके आजोबांसमोर, गावासमोर, मोठ्यानं वाचावं.

मी अपाकुकी, मोठ्या सरदारांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. बहिणीचा मुलगा मामाच्या दारात ज्याला हात लावील ते त्याचं. ही रीत बंदीच्याही आधीची आहे. दरीतल्या राईतले सगळे नीरफणस मी मागतो. झाडावरचे माझे, जमिनीवरचे माझे. मी येईपर्यंत कुणी एका फळाला शिवायचं नाही. पुढच्या बोटीनं येतो आहे. राईच्या काठाला खोल खड्डे खणून ठेवावेत.

अपाकुकी


नासोकी, १० मार्च

अपाकुकी,

वाचलं. तू सांगितलंस तसं, मोठ्यानं, सगळ्यांसमोर.

लोक तुला ‘धक्क्यावरचं गिधाड’ म्हणतात तेव्हा मी भांडतो. म्हणतो, माझा भाऊ खलाश्यांची भांडी घासून मोठा झालाय, त्याला माल आणि माणूस यांतला फरक कळतो. आता काय सांगू? पडलेल्या फळालासुद्धा शिवू नका म्हणे! खड्डे कशाला, बोट भरेपर्यंत तुझा माल थंड राहायला? सुव्याच्या बाजारात मामाचे नीरफणस मांडशील आणि ओरडशील, ‘घ्या, सरदारांच्या राईतले!’

लोसालिनी म्हणते, मी उलटं वाचतोय. तिला तुझा फार भरवसा. खड्डे मी खणतो आहे, कारण तुझा हक्क आहे आणि मी रीत मोडत नाही. पण रीतीचा दुसरा भागही लक्षात ठेव. भाचा मामाचं उचलतो तेव्हा मामाच्या मुलांनी त्याला काठीनं बडवायचं असतं. लहानपणी आपण हे हसत हसत करायचो. यंदा मी पेरूची ओली काठी निवडून ठेवली आहे, आणि हसणार नाही.

ये.

सेमेसा


सुवा, २४ मार्च

माझ्या प्रिय मारकुट्या,

तुझं शिव्यांचं पत्र मला इथे परत आल्यावर मिळालं. म्हणजे मी तिथे उतरलो तेव्हा किनाऱ्यावर तुझं ते तोंड का तसं होतं, ते आता कळलं. मला वाटलं, दात दुखतोय.

पाठीवर अजून झोपता येत नाही. गाळ्यातली माणसं विचारतात, ‘शेठ, काय झालं?’ मी सांगतो, मामाच्या गावी मान मिळाला.

तू विचार करत असशील, मी आधीच खरं का लिहिलं नाही. अरे, ‘गावाला खायला घालायला राई मागतो’ असं लिहिलं असतं तर ती मागणी गावाची झाली असती, आणि वाइसाकेंनी गावाला नाही म्हटलेलंच होतं. भाच्याला ते नाही म्हणू शकत नव्हते. भाच्यानं अधाशीच असलं पाहिजे. मी बुंध्याला हात लावला तेव्हा म्हाताऱ्याकडे बघितलंस? आधी ढिम्म. मग तळवे खोलगट करून टाळ्या वाजवल्या, मान्य केल्याच्या, इतक्या हळू की पहिली मला ऐकूच आली नाही. मग म्हणाले, ‘एवढा उशीर? तुझ्या आईनं तर माझ्या लग्नातलं डुकर पळवलं होतं.’ म्हणजे म्हातारा इतके दिवस कुणीतरी हात लावायची वाटच बघत होता!

आणि तू. पहिली काठी जोरात, दुसरी त्याहून जोरात; तिसरीला माझा सदरा फाटला आणि तुझ्या डोळ्यांत पाणी. चौथी तर तू मारलीच नाहीस, काठी टाकून फळं उचलायला लागलास. मग वाइसाकेच खड्ड्यात उतरून ‘पान असं नाही, देठ वर!’ म्हणून ओरडत होते. तीन खड्डे भरले. पण निम्म्याहून जास्त राई आपल्या पायाखाली चिखल होऊन गेली होती. महिनाभर आधी हे सुचायला हवं होतं.

त्या संध्याकाळी मी स्वतः वाढलं, सगळे जेवले. तितिलियानं उकडलेला तुकडा मुठीत धरून झोप काढली. हे बघून मी बोटीत चढलो. आता खड्ड्यांतलं आंबून तयार होत आलं असेल, तुम्ही जेवत असाल. म्हणून या खेपेला तांदूळ पाठवत नाही. कदावूच्या बेटांवर लोकांची अवस्था वाईट आहे, तिकडे पाठवला. खिळे मात्र घे.

पत्र टाक. वास कसा आहे? लोसालिनी पळाली का?

अपाकुकी


नासोकी, १२ एप्रिल

अपाकुकीदादांस,

लोसालिनीचा दुरून नमस्कार. नवऱ्याचा आतेभाऊ म्हणजे मला भाऊ. तुमच्याशी मी थेट बोलू नये, ही आपली रीत. म्हणून तोंडानं बोलत नाही, कागदावर बोलते. यांना ठाऊक नाही. चूक असेल तर माफ करा.

दादा, खड्डे उघडलेले नाहीत.

तुम्ही घेतलंत. सगळ्यांसमोर, मार खाऊन घेतलंत. पण दिलंत कुठे? त्या संध्याकाळी वाढलंत ते दिलंत. खड्ड्यांतलं तुमचं आहे. वाइसाके आजोबा म्हणतात, ‘सरदाराचं होतं तेव्हा शिवलो नाही, आता भाच्याचं शिवू? तो शब्द पाठवील.’ सगळे तुमच्या शब्दाची वाट बघतात. तुमचं पत्र आलं, हे सगळ्यांना घेऊन बसले, मोठ्यानं वाचायला लागले. ‘तुम्ही जेवत असाल’ असं आलं तसे थांबले. घडी करून खिशात ठेवलं. आजोबांनी विचारलं, ‘शब्द आहे का त्यात?’ हे म्हणाले, ‘खिळे आहेत.’

मी यांना म्हटलं, तुम्ही लिहा. तर म्हणतात, ‘एकदा त्याला गिधाड म्हणालो. आता कुठल्या तोंडानं त्याच्याच मालाचा घास मागू?’ म्हटलं, मी लिहिते. तर उठून गेले.

पुरुष रोज जाऊन खड्ड्यांवरचे दगड नीट करतात आणि परत येतात. पाऊस फार आहे. वरच्या अंगाचा खड्डा एका बाजूनं पाझरतो. आत पाणी गेलं तर सगळं नासेल. आजोबा म्हणतात, पानं बदलायची तर उघडावं लागेल, आणि उघडायचं तर शब्द हवा. रानकंदही आता लांब डोंगरात जाऊन आणावे लागतात. तितिलियाचे पाय सुजलेत. ती रडत नाही, दादा. आधी रडायची.

होडीवाला घाईत आहे.

लोसालिनी


सुवा, २१ एप्रिल

सेमेसा,

हे पत्र माझ्या शब्दाच्या मागून येईल. शब्द पुढे गेला आहे की नाही, देव जाणे.

काल मला एक चिठ्ठी मिळाली. कुणाची ते विचारू नकोस, आणि घरात कुणावर डोळे वटारू नकोस. वाचली आणि गाळा तसाच उघडा टाकून धावलो. धक्क्यावर विचारलं, तुमच्या लाऊ बेटांकडे बोट कधी? कप्तान म्हणाला, ‘इंजिन खोललंय, पुढच्या आठवड्यात बघू.’ बघू! तिथून रेडिओच्या कचेरीत. खिडकीतला माणूस चांगला, पण नियमाचा. म्हणाला, ‘बेटांसाठी निरोप दोनच जातात, बोटीचे आणि मयताचे. कोण मेलं?’

म्हटलं, ‘अजून कोणी नाही.’

त्यानं मान वर करून बघितलं. मग खुर्ची पुढे केली. मी सांगितलं, त्यानं लिहून घेतलं. तो तिकडच्याच एका बेटाचा जावई निघाला. म्हणाला, ‘तुम्ही असं कसं विसरलात? घेतलं की द्यावं लागतं.’ म्हटलं, ‘मी इतकी वर्षं विकतोय, देताना बोलावं लागतं हे विसरलो.’

निरोप संध्याकाळच्या बातम्यांनंतर, भजनाच्या आधी, तीन दिवस वाचणार आहेत. काल गाळ्यातल्या रेडिओला कान लावून मीही ऐकला: ‘नासोकीचे वाइसाके, सेमेसा आणि गाव यांस. अपाकुकी कळवतो, मामांच्या राईतलं जे मी घेतलं ते सगळं मामांच्या गावाला दिलं. खड्डे आज उघडा. पोरांना आधी.’

ऐकताना वाटलं, किती लहान आहे हे. आणि मग नुसतं भजन. तुमच्या पाद्र्यांच्या रेडिओत सेल आहेत का, हेसुद्धा मला ठाऊक नाही. समुद्रावर वीज चमकत असली की तिकडे नुसती खरखर ऐकू येते, ते ठाऊक आहे. आणि काल वीज चमकत होती.

तांदूळ धक्क्यावर आणून ठेवला आहे, मेणकापडात दुहेरी बांधून. मी रोज त्याच्याशेजारी उभा असतो. पत्र टाक. शिव्या घातल्यास तरी चालेल. एकच ओळ लिही, ती मुलगी कशी आहे.

अपाकुकी


नासोकी, ३० एप्रिल

अपाकुकी,

आधी उत्तर. ती आहे.

आता सांगतो. पाद्र्यांच्या रेडिओत जीव थोडाच होता, म्हणून ते फक्त बातम्यांपुरता लावत. पहिल्या संध्याकाळी पाऊस, खरखर. ‘नासोकी’ एवढंच कळलं. बायका रडायला लागल्या; त्या वेळेला नाव आलं म्हणजे सुव्यात कुणीतरी गेलं. वाइसाके म्हणाले, ‘भाचा गेला असेल. आता खड्डे कुणाचे?’ मी तुला काय काय म्हणालो होतो ते आठवत बसलो. बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाद्र्यांनी सेल उन्हात ठेवून तापवले. संध्याकाळी अख्खं गाव त्यांच्या ओसरीवर. या वेळी लख्ख ऐकू आलं. ‘पोरांना आधी’ पर्यंत सगळं. मी उठलोच होतो, तर वाइसाकेंनी हात वर केला. ‘थांबा. हे देणं झालं का? ना माणूस समोर, ना देवमाशाचा दात. पेटी बोलली म्हणून घ्यायचं?’

अपाकुकी, त्या क्षणी मी ठरवलं होतं की म्हातारा नाही म्हणाला तर मी झावळ्या, दगड, रीत सगळं पायानं उडवून देईन, आणि मग या गावात तोंड दाखवणार नाही. लोसालिनी मागून म्हणाली, अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू गेलं, ‘आजोबा, सरदार तुमच्या तोंडून बोलायचे, तेव्हा आम्ही विचारलं का, सरदार कुठे आहेत?’

म्हातारा मांडी घालून त्या रेडिओसमोर बसला, तळवे खोलगट केले आणि टाळ्या वाजवल्या. रीतसर, मोठ्यानं. त्याच्यामागे सगळं गाव. रेडिओवर भजन चालू होतं आणि आम्ही त्या पेटीला टाळ्या वाजवत होतो. पाद्री हसले नाहीत. मीही नाही.

मशाली घेऊन गेलो. वरच्या अंगाचा खड्डा गेला. आत काळं पाणी, हात घालवेना. सगळं उपसून समुद्रात टाकलं. त्यातलं निम्मं मी स्वतः उचलून आणलं होतं, राईतून. बाकी दोन्ही उत्तम. वास असा की कुत्री लांब पळाली. वाइसाके म्हणाले, ‘बरोबर आहे, असाच हवा.’ जपून खाल्लं तर कोनफळं निघेपर्यंत पुरेल, असं म्हणतात. मला तितकी खात्री नाही. पुढच्या आठवड्यात शोक उतरेल, मासळी खुली होईल. मग जरा श्वास.

लोसालिनीनं गोळा पानात भाजला आणि बोटभर तितिलियाच्या तोंडात घातला. तिनं तोंड असं वाकडं केलं, डोळे मिटले, थुंकला. आम्ही सगळे बघत उभे. तिनं थुंकलेल्याकडे बघितलं, आईच्या बोटाकडे बघितलं, आणि मग ते बोट दोन्ही हातांनी धरून तोंडात ओढलं.

पायांची सूज उतरते आहे. काल दिवसभर रडली, घर डोक्यावर घेतलं. कान किटले माझे. अजून रडते आहे, हे लिहितानाही.

तुझं पत्र खोबऱ्याच्या होडीनं आणलं; तांदूळ मोठ्या बोटीनं येऊ दे. पण समुद्र शांत असेल तेव्हा. घाई नाही.

सेमेसा